रॉलिन्सच्या माळावर कायोटीला साद: फेब्रुवारीतील दोन दिवस

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सहकाऱ्याबरोबर मी वायोमिंग राज्यातील रॉलिन्स गावाच्या परिसरात कायोटीच्या शिकारीसाठी दोन दिवस गेलो होतो. डेन्व्हरहून फोर्ट कॉलिन्स, लॅरमी आणि पुढे आय-80 महामार्ग असा हा साधारण चार तासांचा रस्ता आहे. सहकाऱ्याचे बालपण तिकडच्याच मेंढपाळ कुटुंबात गेले असल्यामुळे तो या प्राण्याचे नाव शेवटची ‘ई’ गाळून नुसते ‘कायोट’ असे घेतो. आपल्या कोल्ह्याचा हा जवळचा भाऊबंद असून अंगाने त्याच्याहून थोडा मोठा असतो. पश्चिमेकडे त्याचे वजन बहुधा 10 ते 15 किलो भरते. फेब्रुवारी हा त्याच्या माजाचा काळ असल्याने या दिवसांत तो सशाच्या किंकाळीइतकाच दुसऱ्या कायोटीच्या कोल्हेकुईलाही प्रतिसाद देतो.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याला शिकारीच्या नियमांचा अनुभव नसतो, म्हणून आधी त्यांविषयी लिहितो. वायोमिंगमध्ये कायोटी ‘भक्षक’ वर्गात मोडतो. त्याच्या शिकारीला परवाना लागत नाही आणि ठरावीक हंगामही नाही. मात्र एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे, आणि या मनाईतून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. म्हणजेच कायोटीसाठी परवाना नको असला, तरी बंदूक हातात घेण्यासाठी तो तुमच्याकडे हवाच. मित्राची रायफल ‘जरा धरून पाहणे’ हासुद्धा या कायद्याने ताबाच ठरू शकतो, हे आपल्या पुष्कळ मंडळींना ठाऊक नसते. ग्रीन कार्डधारकांना ही अट लागू नाही.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे. 1862 आणि 1864 च्या कायद्यांनी युनियन पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंना एक आड एक चौरस मैलाचे तुकडे दिले गेले, त्यामुळे येथील नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: एक घर सरकारी, त्याला लागून दुसरे खाजगी. माळावर कुंपण असेलच असे नाही. म्हणून मालकीच्या सीमा दाखवणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा, कारण तेथे बहुतेक ठिकाणी नेटवर्क मिळत नाही. आम्ही पटाच्या बाहेरच्या सलग सरकारी जमिनीवरच राहिलो आणि माझ्या मते नवख्याने तसेच करावे. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे गोळी झाडणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

पहिल्या दिवशी चार ठिकाणी बसूनही आम्हाला एकही कायोटी दिसला नाही, आणि त्याचे कारण आमचे आम्हालाच संध्याकाळी कळले. गाडी आम्ही टेकाडाच्या माथ्याजवळ उभी करत होतो, तिचे दार आपटत होतो आणि क्षितिजरेषेवरून चालत जात होतो. दुसऱ्या दिवशी गाडी खोलगट भागात ठेवली, दार हाताने दाबून लावले आणि वारा तोंडावर घेत अर्धा मैल चाललो. इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे सशाची किंकाळी किंवा कोल्हेकुई वाजवून प्राण्याला बोलावणारे यंत्र, आमच्यापासून सुमारे 50 यार्डांवर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, सेजब्रशच्या झुडपात ठेवला. सूर्य पाठीशी होता आणि आमची बसकी आकृती झुडपात मिसळून गेली होती. सुरुवातीला आवाज अगदी हळू ठेवावा, कारण एखादा कायोटी शंभर पावलांवरच झोपलेला असू शकतो. दोन-तीन मिनिटांनी तो वाढवावा. सादेला येणारा कायोटी सरळ न येता वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो आणि आधी वास घेतो, म्हणून दोघांपैकी एकाने फक्त त्याच बाजूवर नजर ठेवावी. आम्ही प्रत्येक ठिकाणी 20 मिनिटे बसत होतो. सकाळी आठच्या सुमारास, सतराव्या मिनिटाला, नर कायोटी उताराच्या कडेने खाली मान घालून आला. सहकाऱ्याने तोंडाने एक छोटा भुंकार काढताच तो थबकला आणि 140 यार्डांवर एकाच गोळीत पडला.

दुपारची गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. कॉलरकडे येता येता एक मादी 390 यार्डांवर थांबली. माझ्याकडे 6.5 क्रीडमूर काडतुसाची रायफल होती, अंतर यंत्राने मोजलेले होते, आणि आम्ही बसलो होतो तेथे वारा जवळजवळ पडलेला होता. मधल्या घळीतून वाहणारा वारा मी हिशेबात धरला नाही. गोळी मागच्या भागात लागली. बर्फावरच्या रक्ताचा माग काढत दीड तासाने आम्ही तिच्यापर्यंत पोहोचलो आणि दुसऱ्या गोळीने तिची वेदना संपवली. ताशी 10 मैलांचा आडवा वारा 300 यार्डांवर .22-250 या काडतुसाची 55 ग्रेन वजनाची हलकी गोळी सुमारे 9 इंच, तर 6.5 ची जड गोळी सुमारे 6 इंच सरकवतो, आणि कायोटीचे मर्मस्थान जेमतेम 5-6 इंचांचे असते. साद घालण्याची सगळी विद्या प्राण्याला जवळ आणण्यासाठी आहे. लांब पल्ल्याची रायफल हाती आहे म्हणून ती विद्या अर्ध्यावर सोडणे मला आता अयोग्य वाटते. उघड्या माळावर 250 यार्डांपलीकडे मी गोळी झाडणार नाही. घळीतले गवत कसे हलते, हे दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय चापाला बोट लावू नये.

हिवाळ्यात या भागात मेंढ्यांचे कळप चरायला येतात आणि त्यांच्याबरोबर राखणीचे मोठे पांढरे कुत्रे असतात. कळप किंवा मेंढपाळाची चाकांची झोपडी दिसली की तेथे कॉलर लावूच नये, कारण किंकाळी ऐकून ते कुत्रेच धावत येतात. सोनेरी गरुडही येतो, आणि छोटा स्विफ्ट फॉक्ससुद्धा. दोघांनाही संरक्षण आहे. प्राणी पूर्ण ओळखल्याखेरीज रायफल उचलू नये.

पहाटे उणे 18 अंश तापमान होते, तेव्हा बसायला जाड गादी आणि दोन जोड हातमोजे न्यावेत. परतीच्या दिवशी एल्क माउंटनजवळ वाऱ्यामुळे आय-80 सहा तास बंद होता, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक खात्याची 511 सेवा तपासावी आणि रॉलिन्समध्येच पेट्रोलची टाकी भरून घ्यावी.