बदलाचा क्लॉज आधी वाचा, बाकीचं नंतर

गेम इंजिन (गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर बांधतात ते) घेताना सगळे आधी विचारतात फुकट आहे का, मग विचारतात यूट्यूबवर ट्यूटोरियल किती आहेत. माझं म्हणणं असं की लायसन्स उघडा आणि त्यात फक्त एक परिच्छेद शोधा, "आम्ही या अटी कधी आणि कशा बदलू" असं जिथे लिहिलेलं असतं तो. बाकीचं पाल्हाळ नंतर वाचलंत तरी चालेल, नाही वाचलंत तरी चालेल.

आम्ही इथे अलिबागला दोघंतिघं मिळून होड्यांच्या शर्यतीचा एक छोटा मल्टिप्लेअर गेम करतोय, आणि सर्व्हर कुठे ठेवायचा यावर सध्या आमच्यात जोरदार वाजतंय. टीममधल्या सगळ्यात धाकट्याला युनिटीचा, म्हणजे आम्ही वापरतो त्या इंजिनचा, २०१९ चा किस्सा माहीतच नव्हता (तो तेव्हा शाळेत होता म्हणे, ऐकून उगाच म्हातारं झाल्यासारखं वाटलं), म्हणून त्याला सांगितलं तेच इथे टाकतोय.

तर झालं असं. डिसेंबर २०१८ मध्ये युनिटीने आपल्या अटी गुपचूप बदलल्या. कलम २.४ मध्ये आलं की युनिटीचा रनटाइम (इंजिनचा गेम चालवणारा भाग) क्लाउडवर किंवा दूरच्या सर्व्हरवर चालवायला कुठलीही मॅनेज्ड सर्व्हिस (दुसऱ्या कंपनीने सांभाळलेली) किंवा एसडीके (तयार कोडचा संच) वापरायचा असेल तर युनिटीची खास परवानगी पाहिजे. आता मल्टिप्लेअर गेममध्ये सर्व्हरवर बऱ्याचदा इंजिनचीच एक कॉपी चालत असते, कोण कुठे आहे, कोणाची टक्कर झाली हे सगळं तीच ठरवते, म्हणजे ही अट थेट गेमच्या काळजालाच. लंडनची इम्प्रॉबेबल नावाची कंपनी स्पेशियलओएस ही नेमकी असलीच सर्व्हिस विकायची. १० जानेवारी २०१९ ला त्यांनी जाहीर केलं की नव्या अटींप्रमाणे आमच्यावर बनलेले युनिटीचे सगळे गेम, चालू असलेले पण आणि बनत असलेले पण, आता नियमबाह्य आहेत. एका छोट्या स्टुडिओने तर घाबरून त्याच दिवशी आपल्या गेमचे सर्व्हर बंद केले.

युनिटीचं म्हणणं वेगळं होतं. आमचं भांडण फक्त इम्प्रॉबेबलशी आहे, त्यांना वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं, आणि चालू गेमना काही होणार नाही. असेल बाबा. आणि इम्प्रॉबेबल तरी कुठे धुतल्या तांदळाचे, त्याच दिवशी त्यांनी एपिकबरोबर (युनिटीची प्रतिस्पर्धी, अनरियल इंजिनवाली) अडीच कोटी डॉलरचा फंड जाहीर केला, युनिटी सोडून या म्हणून. पण दोन मोठ्यांच्या मारामारीत ज्याने आधीच दोन-तीन वर्षं घालून गेम बांधलाय त्याने करायचं काय?

बाबांना हे सांगितलं, त्यांना सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, तर ते पटकन म्हणाले, "म्हणजे खोताची कबुलायतच की रे ही." कबुलायत म्हणजे कुळाने खोताला लिहून द्यायचा करार. मला हे पटलंच एकदम. जमीन खोताची, राबायचं कुळाने, आणि अटी लिहिणार खोत. आमच्याकडे चरी गावाचं नाव लहान पोरांना पण माहीत असतं, १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या मागे राहून कुळांनी जमीन कसायचीच बंद केली, सहा वर्षं चालला तो संप. खोती कायद्याने जायला पुढे १९४९ उजाडलं.

असो. आरडाओरडा झाल्यावर युनिटी आठवड्याच्या आत मागे आली. १६ जानेवारीला नव्या अटी आल्या, कुठलीही थर्ड पार्टी सर्व्हिस वापरा म्हणाले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही ज्या व्हर्जनवर आहात त्याच व्हर्जनच्या अटींवर राहू शकता असं लिहून दिलं. अटींमधला प्रत्येक बदल दिसावा म्हणून गिटहबवर (कोड ठेवायची साइट) रेपो, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारा फोल्डर, पण टाकला. लोक खूश. मी पण खूश होतो.

मग १२ सप्टेंबर २०२३. रनटाइम फी. ठराविक कमाई आणि इन्स्टॉलच्या पुढे गेलात की प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे, खालच्या प्लॅनला २० सेंटपर्यंत, आणि तेही आधीच बाजारात असलेल्या गेमना धरून. लोक तो गिटहबचा रेपो शोधायला गेले तर रेपो गायब, आणि जुन्या व्हर्जनच्या अटींवर राहण्याचं वाक्यही मधल्या काळात अटींमधून गेलेलं. रेपो का काढला तर म्हणे बघायला फारसं कोणी येत नव्हतं! या वेळी काही मोबाईल स्टुडिओंनी चक्क संपच केला, आपल्या गेममधल्या युनिटीच्या जाहिराती बंद करून टाकल्या. दहा दिवसांत फी फक्त पुढच्या, २०२४ पासूनच्या व्हर्जनपुरती झाली, आणि वर्षभराने तीही पूर्ण रद्द.

म्हणून माझा राग फीवर नाहीये, क्लाउडच्या अटीवर पण नाहीये. धंदा आहे, त्यांनी पैसे मागावेत. पण मागावेत ते पुढच्या व्हर्जनसाठी, माझ्या बांधून झालेल्या घरासाठी नाही.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असतो तिथे, हे कसं होतं बघा. रेडिस या डेटाबेसवाल्यांनी २० मार्च २०२४ ला बीएसडी लायसन्स (कोड वापरा, बदला, विका, सगळं चालतं असं) सोडलं, क्लाउडवाल्या कंपन्या आमचं फुकट विकतात म्हणून. ठीक आहे, तो त्यांचा हक्क. पण तोपर्यंतचा कोड बीएसडीखालीच राहिला, तो परत घेता येत नाही, आणि आठवडाभरात लिनक्स फाउंडेशनकडे त्याच कोडवरून व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प उभा राहिला. ज्यांना जायचं होतं ते गेले, बाकीचे राहिले. टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या टूलचं पण तसंच, लायसन्स बदललं तर त्याच्या जुन्या कोडवरून ओपनटोफू निघालं. युनिटीवाल्यांना ही सोय नव्हती कारण इंजिन मुळात त्यांचं कधी नव्हतंच.

आमचा धाकटा आता गोडो गोडो करतोय, ते ओपन सोर्स इंजिन, बीएसडीसारखंच मोकळं एमआयटी लायसन्स आहे, त्याचं बरोबर आहे. पण अर्धा गेम युनिटीत झालाय आणि पाण्याचा शेडर (पाणी पडद्यावर कसं दिसावं ते ठरवणारा कोड) परत लिहायची माझ्यात ताकद नाही. तेव्हा सध्या ठरलंय ते असं, नेटवर्कचा सगळा कोड इंजिनपासून वेगळा, सर्व्हरवर युनिटी चालवायचंच नाही, शर्यतीचं गणित साध्या सी शार्पमध्ये. आणि आजच्या अटींची पीडीएफ तारखेसकट आमच्याच रेपोत. क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये सर्व्हर ठेवून कोणी गेम चालवत असेल तर महिन्याचं बिल किती येतं तेवढं सांगा, धाकट्याने काढलेला आकडा मला जरा जास्तच आशावादी वाटतोय.