तुम्ही विचारलंत म्हणून: पोकळ डबाच तर लावायचा होता

गॅस टर्बाइनच्या कंबश्चनवर काम करते म्हटलं की माहीतगारांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "रेझोनेटर लावला होतात ना, मग लायनर तडकला कसा?" परवा एका लग्नात कॉलेजच्या मित्राने पंगतीत विचारलं. म्हणून एकदाच लिहिते. रेझोनेटर म्हणजे ज्वलनकक्षाला अरुंद मानेने जोडलेला पोकळ डबा; ज्योत आणि दाब एकमेकांना हलवायला लागले की जी गुणगुण सुरू होते, ती त्याच सुरात लावलेला डबा शोषून घेतो. लायनर म्हणजे ज्वलनकक्षाचं आतलं धातूचं अस्तर.

गणित चुकलं नव्हतं. हे आधी सांगते, कारण सगळ्यांना तेच वाटतं. आमची गुणगुण १२० हर्ट्झची. डब्यातली हवा ४०० डिग्री सेल्सिअस धरली तर त्या सुराला लागते ४ सेंटीमीटर व्यासाची मान, टोकांचं करेक्शन धरून १० सेंटीमीटर लांब, आणि मागे साधारण ६ लिटरचा डबा, म्हणजे घरातला मोठा कुकरच.

चुकलं ते पर्जमध्ये. गरम गॅस मानेतून आत शिरू नये म्हणून मागून सतत हवा सोडावी लागते, तोच पर्ज, आणि ती हवा बर्नरला मिळत नाही, तेवढ्याच इंधनाला हवा कमी पडते, ज्योत जास्त तापते, नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइडचं प्रदूषण) वाढतो, आणि नॉक्स कमी करायलाच तर आपण लीन प्रीमिक्सच्या, म्हणजे इंधन भरपूर हवेत आधीच मिसळून जाळण्याच्या, फंदात पडून ही गुणगुण ओढवून घेतली. म्हणून रिव्ह्यूत मी म्हणाले, पर्जची भोकं लहान करू. मीच म्हणाले. दबाव नव्हता कुणाचा, म्हणजे नॉक्सच्या आकड्याचा होता, माणसाचा नव्हता.

टेस्टला पहिली वीस मिनिटं इतकी शांत की मी चहा मागवला. लोड थोडा वाढवला आणि त्याच चहात बारीक वर्तुळं दिसली, आवाज नंतर आला. "पायलट वाढवा" (पायलट म्हणजे ज्योत स्थिर ठेवणारं वेगळं इंधन) म्हणेपर्यंत छातीत घुमायला लागलं आणि रिग ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. नंतर प्लॉट काढला तर डब्यातला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, ४०० वरून ८०० वर गेलेला. आवाजाचा वेग केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळासोबत वाढतो, त्यामुळे डबा जाऊन बसला १५० हर्ट्झवर आणि गुणगुण आपली १२० च्या आसपासच. दाब जोरात हलला की मान दर फेरीत गॅस आत ओढते, पर्ज पुरत नाही, डबा तापतो, सूर सुटतो, दाब आणखी हलतो. थर्मोकपलचं चॅनल स्क्रीनवर होतं हो, दुसऱ्या पानावर. मी पहिलं पान बघत बसले होते.

उघडलं तेव्हा मानेची कड निळसर तपकिरी, आणि तिथून दोन बोटांवर तडा. नख अडकत होतं त्यात.

"मग भोकं मोठीच ठेवायची ना!" हो, आणि नॉक्स लिमिटबाहेर गेला असता तर? तेव्हाच्या मला सांगावंसं वाटतं, बाई, थर्मोकपल पहिल्या पानावर घे. ती म्हणेल, तिथे आधीच चौदा चॅनल आहेत, कुठलं काढू? मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या डब्याला भोकं मोठी केली. आवाज गेला, नॉक्स वाढला, आणि मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, एवढी हवा डब्यात का घालवताय?