मेणातल्या तुकड्याने दिलेले निदान

अतिरक्तस्रावामुळे शेहेचाळिसाव्या वर्षी माझी गर्भपिशवी काढली, तेव्हा अहवालात 'पेशीबहुल फायब्रॉइड', म्हणजे स्नायूंची साधी, कर्करोग नसलेली गाठ, असे आले आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. टाके काढायला गेले असता डॉक्टरांनी मात्र अहवाल दोनदा वाचला. गाठीची कड जिभेसारखी स्नायूंत शिरली आहे, असे त्यात वर्णन होते, आणि फायब्रॉइडची कड सहसा अशी नसते. त्यांनी मला ब्लॉक व स्लाइड घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात जायला सांगितले.

प्रयोगशाळेतून ब्लॉक मिळवायला तीन खेपा झाल्या; माझ्याच शरीराच्या तुकड्यासाठी इतक्या विनवण्या कराव्या लागाव्यात, याचे मला आजही वाईट वाटते. ब्लॉक म्हणजे इंचभर प्लॅस्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला फिकट ठिपका, कडेला क्रमांक. मेण वितळू नये म्हणून तो कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यातून नेला.

तिथे पेशींवर सीडी-१० ची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराच्या आधार-पेशींत आढळणाऱ्या प्रथिनाची, खूण उमटली, स्नायूंची खूण असलेले डेस्मिन उमटले नाही. संशय कमी श्रेणीच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या, एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमाचा होता; हा त्याच आधार-पेशींचा कर्करोग. खात्रीसाठी फिश चाचणी केली; तिच्यात जनुकाच्या दोन टोकांना वेगवेगळ्या रंगांचे चमकते ठिपके लावतात, आणि जनुक तुटले असेल तर ते एकमेकांपासून दूर दिसतात. डॉक्टरांनी मला पडद्यावर पेशीचे चित्र दाखवले: एक लाल व एक हिरवा ठिपका बिलगून होते, दुसरी जोडी मात्र फाटून दूर गेली होती. सातव्या गुणसूत्रावरचे जॅझएफ१ हे जनुक तुटून सतराव्यावरच्या एसयूझेड१२ ला जोडले गेले होते. हे संयोग-जनुक २००१ मध्ये प्रथम ओळखले गेले. ते सापडले नाही म्हणून हा आजार नाकारता येत नाही, पण माझ्या बाबतीत त्याने शंका संपवली. दहाव्या आणि सतराव्या गुणसूत्रांची अदलाबदल निघाली असती, तर तो वेगाने पसरणारा, उच्च श्रेणीचा प्रकार ठरला असता.

मी पहिला प्रश्न मुलीसाठी विचारला. हा बदल गाठीच्या पेशींतच घडलेला आहे, लिंच सिंड्रोम या आनुवंशिक कर्करोग-प्रवृत्तीसारखा रक्तातून पुढच्या पिढीत उतरणारा नाही, हे ऐकल्यावर मला रडू आवरले नाही.

ही गाठ इस्ट्रोजेन या बीजकोशात तयार होणाऱ्या संप्रेरकावर पोसली जाते, म्हणून पुढे बीजकोशही काढले. अंगातून वाफा येतात, तरी इस्ट्रोजेनच्या गोळ्या मला चालत नाहीत. आजार दहा वर्षांनीही, बहुधा पोटात किंवा फुप्फुसात, उलटू शकतो, त्यामुळे तपासण्या सुरूच आहेत. परत मिळालेला ब्लॉक मी त्याच डब्यात जपून ठेवला आहे, कारण पुढे कुठे गाठ दिसलीच, तर तुलनेला तो लागेल.