टाचेचं मोजमाप: आमची वाटचाल

टाचेतून ध्वनिलहरी पाठवून हाडं तपासणारं अल्ट्रासाऊंड यंत्र घेऊन आम्ही गावोगाव शिबिरं घेतो. आमच्या फलकावर 'रेडिएशनविरहित हाडांची तपासणी' असं ठळक लिहिलंय, कारण लोक ते वाचून आत येतात. खरं म्हणजे डेक्साचं, म्हणजे एक्स-रेने हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचं, रेडिएशन मोजक्या मायक्रोसिव्हर्टचं. माती आणि आकाशातून आपल्याला एक-दोन दिवसांत मिळतं त्याच्या आसपास. त्याला घाबरून डेक्सा टाळणाऱ्या बाईला आम्ही स्वतःच समजावतो. आमच्या यंत्राची ताकद वेगळी आहे. ते जीपच्या मागच्या सीटवर मावतं, इन्व्हर्टरवर चालतं, त्याला एक्स-रेसारखा एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना लागत नाही, आणि तालुक्याच्या मंगल कार्यालयात सतरंजीवर बसलेल्या बायकांपर्यंत पोचतं. डेक्सासाठी त्यांना पुणं किंवा कोल्हापूर गाठावं लागतं.

पण हेच यंत्र आम्हाला बुडवायला निघालं होतं. महाराष्ट्रात 'अल्ट्रासाऊंड' म्हटलं की यजमानाचा चेहरा पडतो. गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण कुणीतरी तक्रार केली, एका कार्यालयाने शिबिरं थांबवायला सांगितली, आणि ऐन हंगामातली सगळी आरक्षणं रद्द झाली. यंत्राचे हप्ते मात्र थांबले नाहीत. टाचेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन प्रोब, एकातून लहर निघते, दुसऱ्यात पोचते, पडद्यावर चित्र उमटत नाही, फक्त दोन आकडे येतात. पोटातलं काही दिसण्याचा प्रश्नच नाही. हे सांगून घसा कोरडा पडला. शेवटी लेखी खुलासा मिळाला. तो कागद लॅमिनेट करून आजही यंत्राच्या पेटीत असतो. ज्यांना आता कमरेच्या मणक्यांवरून घनता सांगणारं नवं रेम्स तंत्र आणायचंय त्यांनी लक्षात घ्यावं: त्याचा प्रोब पोटावरच फिरतो, तो सरळ सोनोग्राफीचाच आहे. नोंदणीशिवाय गावात नेऊ नका.

त्याच पडत्या काळात आमच्याच पट्ट्यात दुसऱ्या एका मंडळींनी फुकट शिबिरं सुरू केली. फुकट कशी, तर बाहेरच्या टेबलावर कॅल्शियमच्या पावडरीचे डबे. तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या चिठ्ठीवर 'ऑस्टिओपोरोसिस'. हाडं ठिसूळ होण्याच्या या रोगाची उणे २.५ ही रेघ (टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीपेक्षा घनता किती खाली ते) जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली ती डेक्सासाठी. टाचेच्या ध्वनिलहरींवर ती जशीच्या तशी लावणं म्हणजे दुधाचं माप सोन्याला लावणं. आमच्या चिठ्ठीवर आम्ही रोगाचं नाव लिहीत नाही. 'जोखीम जास्त, डेक्सा करा' किंवा 'सध्या जोखीम कमी', एवढंच. लोकांना ते मिळमिळीत वाटायचं. पलीकडे छापील रंगीत आलेख मिळायचा ना!

त्या वेळी एका हाडांच्या डॉक्टरांनी साथ सोडली नाही. आमची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला ते डेक्साला पाठवायचे आणि कंबर व खुब्याचा आकडा आमच्याच चिठ्ठीच्या मागे लिहून परत द्यायचे. 'जोखीम जास्त' कुठून म्हणायचं, ती आमच्या यंत्राची रेघ त्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावरून पक्की झाली. डॉक्टरसाहेबांनी कमिशन कधी मागितलं नाही, हेही नोंदवून ठेवतो. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आता कामाचं. टाचेचं हाड निवडलं जातं कारण ते बहुतेक सगळं आतून जाळीदार असतं, आणि झीज आधी जाळीला लागते. यंत्र दोन गोष्टी मोजतं: ध्वनीचा वेग आणि वारंवारतेबरोबर लहर किती शोषली जाते ते, म्हणजे बीयूए. 'अकिलीस' नावाच्या टाचेच्या यंत्राचं, या दोन आकड्यांचा एक करणारं सूत्र पाहा: बीयूएची ०.६७ पट, वेगाची ०.२८ पट, बेरजेतून ४२० वजा. बीयूए ११० आणि वेग १५४० असेल तर उत्तर साधारण ८५. वेगातली चूक ०.३ टक्का, असं विक्रेते अभिमानाने सांगतात. पण सगळ्या माणसांचा वेगच मुळात सेकंदाला १५०० ते १६०० मीटरच्या दरम्यानचा, त्यात ५ मीटर इकडेतिकडे म्हणजे किरकोळ नव्हे. म्हणून औषधाचा गुण आला का, हे टाचेवरून दर सहा महिन्यांनी बघू नये. त्यासाठी डेक्साच.

सकाळी पहिला पाय ठेवण्याआधी फॅन्टम (यंत्र बरोबर मोजतंय का हे तपासायचा, आकडा आधीच माहीत असलेला नमुना-ठोकळा) मोजायचा, आणि तोही यंत्र खोलीच्या तापमानाला आल्यावर. उन्हात उभ्या जीपमधून काढून लगेच मोजलात तर वेग खोटा येणार. पाय फार थंड असेल तर वेग जरा चढतो आणि हाड आहे त्यापेक्षा बरं दिसतं. डिसेंबरातल्या पहाटेच्या शिबिरात बायकांना आधी मोजे घालून बसवा. पाऊल सुजलेलं असेल तर उलट, आकडा पडतो. अशा बाईला परत बोलवा. टाच स्पिरिटने पुसा, मालिशचं तेल राहू देऊ नका. अनवाणी चालणाऱ्यांच्या भेगांत हवा अडकते, हवेतून लहर जात नाही, म्हणून जेल बोटाने भेगेत दाबून भरायचं. पैंजण वर सरकवा, जोडवी असू द्यात. पाय आधाराला टेकून सरळ. गुडघा बाहेर झुकला की मोजण्याची जागाच बदलते. शंका आली तर पाय पूर्ण काढून पुन्हा ठेवा आणि मोजा, नुसतं बटण दाबून उपयोग नाही.

आणि विचारा. पाळी ४५ च्या आत गेली का, पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांच्या वर घेतल्या का, साध्या पडण्याने मनगट मोडलं का. ज्या बाईचं मनगट असं मोडलंय तिचा टाचेचा आकडा चांगला आला तरी आम्ही तिला डेक्साला पाठवतो.

त्या फुकटवाल्यांचं यंत्र मध्यंतरी विकायला निघालं आणि दलालाने ते आमच्याकडेच आणलं. फॅन्टमच्या डब्याचं कारखान्यातलं सील शाबूत होतं. जुनं यंत्र घेणाऱ्यांनी हे आधी बघावं: फॅन्टमचा क्रमांक यंत्राच्या कागदाशी जुळतो का, आणि प्रोबवरच्या रबराला तडे गेलेत का. रबर बदलता येतं. फॅन्टम दुसऱ्या यंत्राचा निघाला तर भाव निम्मा झाला तरी घेऊ नका.