उणे ४० दाखवणारी गाडी

मामांच्या जुन्या पेट्रोल गाडीचा रेडिएटर फॅन चावी फिरवली की लगेच सुरू व्हायचा, तो गाडी बंद करेपर्यंत थांबायचाच नाही. "पेट्रोल बी लय खायला लागलीया," मामा म्हणाले. एका गॅरेजने फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बदलायला सांगितला होता, दुसऱ्याने थर्मोस्टॅट (इंजिनातून रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह). इंजिनचं तापमान किती दिसतंय, हे मात्र कुणीच बघितलं नव्हतं. मला राग येतो तो याचा. मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. तिथे भट्टीचं तापमान चुकीचं वाचलं गेलं तर ओतलेला सगळा माल रिजेक्ट होतो, म्हणून आधी मोजायचं, मग पाना उचलायचा.

सकाळी इंजिन गार असताना स्टीअरिंगखाली गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर लावला. कोड पी०११८, म्हणजे कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) तापमान-सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड; कुलंटचं तापमान उणे ४० अंश. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान मात्र २४. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळपास सारखेच हवेत.

हा सेन्सर म्हणजे उष्णतेने रोध कमी होणारा थर्मिस्टर. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्ट देतो आणि परत येणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान ठरवतो. सर्किट कुठेतरी तुटलं की रोध अमर्याद, म्हणून आकडा उणे ४०. मग हा आकडा भरवशाचा नाही असं धरून, इंजिन तापू नये म्हणून ईसीयू फॅन सतत चालू ठेवतो आणि मिश्रणात पेट्रोल जास्त सोडतो. मामांच्या दोन्ही तक्रारी यातूनच आलेल्या.

पण तुटलंय कुठे? सेन्सरमध्ये, सॉकेटमध्ये की वायरिंगमध्ये? सगळ्या तपासणीत मला हीच पायरी सर्वांत आवडते. सॉकेट काढलं, पिना स्वच्छ होत्या, हिरवा गंज नव्हता. चावी ऑन ठेवून सॉकेटच्या दोन्ही टोकांमध्ये बारीक वायर जोडली. रोध जवळपास शून्य झाला, म्हणून स्कॅनरवरचा आकडा झटक्यात १३०च्या वर गेला. म्हणजे वायरिंग आणि ईसीयू ठणठणीत, दोष सेन्सरचाच. (हे फक्त दोन तारांच्या सेन्सरवर करायचं. तीन तारांचा असेल तर आधी वायरिंगचा नकाशा बघा.) मल्टिमीटर लावला तर त्या सेन्सरमधून काहीच जाईना.

कोल्हापुरातल्या उद्यमनगरातून नवा सेन्सर आणला, पण बसवायच्या आधी मामींच्या गॅसवर एका जुन्या पातेल्यात तपासला. गार पाण्यात अडीच हजार ओहमच्या आसपास, पाणी तापेल तसा उतरत उकळताना दोनशेच्या जवळ. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं; मीटर वाचताना ते धरायचं.

बसवताना इंजिन पूर्ण गार हवं, नाहीतर उकळतं कुलंट अंगावर येतं. थोडं कुलंट सांडतंच, तेवढं भरून सिस्टीममधली हवा काढायची. कोड पुसला, गाडी चालू ठेवली. आकडा एकसारखा चढत ९०वर स्थिरावला, फॅन ९६ला लागला आणि ९१ला आपोआप बंद झाला. रिले आणि थर्मोस्टॅट दोन्ही जुनेच आहेत.