१४,००० वर्षांचा माणूस आणि तपकीर गल्लीतला रेडिओ

काल रात्री जेवणं, ओटा सगळं आवरून 'द मॅन फ्रॉम अर्थ' लावला. २००७ चा पिक्चर, म्हणायला सायन्स फिक्शन पण त्यात ना यान ना एलियन. नोकरी सोडून निघालेल्या एका प्रोफेसरच्या घरी सोबतचे लोक निरोप द्यायला जमतात, का चाललास म्हणून खोदून खोदून विचारतात आणि हा शेवटी सांगतो की मी १४,००० वर्षं जगतोय, म्हातारा होत नाही, ते लोकांच्या लक्षात यायच्या आत दर दहा वर्षांनी मुक्काम हलवतो. बास. पुढे जवळपास सगळा पिक्चर त्याच हॉलमध्ये गप्पा.

नवरा "हे काय, सगळे बसूनच बोलणारेत का" म्हणत मोबाईलमध्ये घुसला आणि थोड्या वेळाने तोच विचारतोय, "अगं पण मग हा आधार कार्ड वगैरेचं काय करत असेल?" मी मनात म्हटलं, लागला हा पण नादी.

हे कसं जमवलंय तेच बघायला मी वही घेऊन बसले होते. एक म्हणजे खोलीतला प्रत्येक जण कशात तरी तज्ज्ञ आहे, कोणी जीवशास्त्रवाला, कोणी पुरातत्त्ववाला, आणि प्रत्येक जण आपापल्या विषयातून त्याला कोंडीत पकडतो, त्यामुळे आपल्या डोक्यात शंका येईपर्यंत ती कोणीतरी विचारलेली असते. पण खरी गंमत हीरोच्या उत्तरांत आहे. तू सुरुवातीला कुठे राहायचास, तर त्याला धड सांगता येत नाही, कारण तेव्हा नकाशेच नव्हते, कुठल्या जागेला काय म्हणतात ते तो नंतर आपल्यासारखंच पुस्तकांतून शिकला. पुरावा म्हणून दाखवायला काही नाही. एवढं जगून "माहीत नाही" म्हणतो म्हणूनच तो खरा वाटतो, सगळं धडाधड सांगितलं असतं तर पहिल्या दहा मिनिटांत थापाड्या ठरला असता.

याचा लेखक जेरोम बिक्स्बी. १९६९ मध्ये लागलेला 'स्टार ट्रेक' या अंतराळ मालिकेचा एक एपिसोड त्यानेच लिहिला होता, त्यातही अमर माणूसच, पण तो निघतो चित्रकार लिओनार्दो द विंची आणि संगीतकार ब्राम्स दोन्ही, म्हणजे फुल थाट. मग १९९८ मध्ये अगदी मरणाच्या दारात असताना हे स्क्रिप्ट पूर्ण केलं आणि थाट बराचसा काढून टाकला. बराचसाच म्हणते, कारण मध्ये एक धार्मिक गौप्यस्फोट आहे (बघितलंय त्यांना कळेल) तो मला जास्तीच वाटला, आणि शेवटचा योगायोग तर पार सिरियलवाला. तरी पुण्यात भरत नाट्य मंदिरात, पुरुषोत्तम करंडकाच्या (कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या) स्टेजवर हे जे काही उभं राहील ना!

आता माझं. मी लिहितेय त्या शॉर्टफिल्ममध्ये पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या) रिपेअरवाल्याकडे जुना व्हॉल्व्हचा रेडिओ येतो आणि त्याच्यावर उद्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात. असं का होतं ते समजावणारा एक भाचा होता, इंजिनिअर, दोन पानं बोलायचा. काल झोपायच्या आधी त्याला उडवला, मजा आली. आता रिपेअरवाला एवढंच म्हणतो, "कंडेन्सर फुगला होता, बदलला. आवाज क्लिअर आहे ना? मग उद्याचं का लागतंय ते आकाशवाणीला विचारा." आणि गल्लीतले लोक आपापल्या गरजेचं विचारायला येतात. नदीपात्रात गाडी लावणारा विचारतो, खडकवासल्यातून पाणी सोडलंय का. एमपीएससी करणारं पोरगं विचारतं, निकाल लागला का. रेडिओ अर्थातच कोणाला उत्तर देत नाही, तो त्याचं बातमीपत्र वाचतो आणि सांगलीच्या हळदीचे भाव देतो.

सकाळी चहा घेताना हे सगळं नवऱ्याला ऐकवलं तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "त्या पोराचं नाव रेडिओवर कसं येईल? राज्यात पहिला आला तरच. नाहीतर अपघातात."

कप हातात घेऊन तशीच उठले आणि लिहायला बसले. पोरगं स्वतःचं नाव ऐकतं, पण पुढचं वाक्य खरखरीत जातं, आणि उद्या घराबाहेर पडायचं की नाही हे त्याला आज रात्री ठरवायचंय. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, क्रेडिट मागेल.