लेकीचं नेमकं कुठे बिनसतंय, हे शोधताना

सातवीत असताना आमच्या लेकीची एक मैत्रीण सकाळी "आई, ती माझी बहीणच आहे गं" असायची आणि संध्याकाळी "तिचं नाव काढू नकोस" व्हायची. नणंद म्हणाली, "वहिनी, एकुलती एक, लाडावलीये." सासूबाईंनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबरदस्तच होती म्हणे!

आठवीत ती भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागली. डोक्याला तेल लावताना बाही वर सरकली आणि मनगटाच्या वरचे ओरखडे दिसले. मी ओरडले नाही, फक्त विचारलं. "खूप भरून आलं की असं केल्यावर जरा शांत वाटतं," ती म्हणाली. त्याच आठवड्यात शाळेच्या समुपदेशकांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं.

पहिल्या दवाखान्यात दहा मिनिटांत 'बायपोलर' (मन कधी अति उत्साही, कधी अति खिन्न होण्याचा आजार) म्हणून गोळ्या लिहून दिल्या. एवढ्याशा वेळात एवढा मोठा शब्द आम्हाला पटेना. मग मुलांच्या मानसोपचारात काम करणाऱ्या एका मॅडमकडे गेलो. त्या आमच्याशी बोलल्या, मग आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलल्या. कुणी त्रास दिला आहे का, हेही विचारलं. नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), लहानपणीचा आघात, या सगळ्यांत अशीच लक्षणं दिसू शकतात, म्हणून आधी ते तपासायचं होतं.

आम्हाला त्यांनी एक वही घालायला सांगितली: स्फोटाआधी काय घडलं, किती वेळ टिकलं, नंतर ती काय म्हणाली. वही भरत गेली तसं चित्र दिसायला लागलं. मैत्रिणीने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. बाबांना कंपनीतून यायला उशीर झाला. मी दोन दिवस माहेरी जाणार होते. दर वेळी कुणीतरी आपल्याला सोडून जाईल ही धास्ती, मग आदळआपट, आणि तासा-दोन तासांत सगळं शांत. त्यानंतर "आतून रिकामं रिकामं वाटतं." बायपोलरमध्ये मनाची अवस्था सहसा कित्येक दिवस टिकते, इथे ती माणसांभोवती फिरते आणि तासांत पालटते, असं मॅडमनी वहीवर बोट ठेवून दाखवलं.

मॅडमना शंका होती ती बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरची, म्हणजे भावना आणि नाती सारखी हेलकावत राहण्याच्या विकाराची. त्याचे ९ निकष असतात, त्यांतले किमान ५ लागतात. अठराच्या आतल्या मुलांत ते वर्षभर तरी टिकून असावे लागतात. वयात येताना थोडीफार चिडचिड सगळ्यांचीच होते. म्हणून कागदावर मॅडमनी फक्त 'बॉर्डरलाइन लक्षणं' लिहिलं, पण उपचार लगेच सुरू केले. मला हे फार आवडलं. शिक्का बसायची वाट कशाला बघायची?

या विकारावरच असं खास औषध नाही. मुख्य उपचार बोलण्याचा आणि कौशल्यं शिकवण्याचा. तिला डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही भावना सांभाळायला शिकवणारी पद्धत सुरू झाली. ती तयार करणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी तरुणपणी आपणही यातून गेल्याचं २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं, हे कळल्यावर लेक पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसली. भावनांची लाट आली की बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचं, हे ती तिथेच शिकली. (आमच्या फ्रीजमध्ये आता कुल्फीपेक्षा बर्फच जास्त.)

खरा गृहपाठ आम्हाला होता. "एवढ्याशा गोष्टीसाठी?" हे वाक्य घरातून हद्दपार. आधी "तुला फार लागलंय ते दिसतंय मला," उपाय नंतर. धारदार वस्तू आणि औषधं कुलपात गेली. फ्रीजवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिकटवला. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नणंदेला एकदा मॅडमकडे नेलं, तेव्हापासून 'लाडावलीये' बंद आहे.

ओरखडे थांबलेत, भांडणं मात्र थांबलेली नाहीत. परवाच मैत्रिणीवरून बिनसलं, तेव्हा तिने दार लावायच्या आधी सांगितलं, "आई, आत्ता नको, वीस मिनिटांनी ये." मी घड्याळ लावून बसले. पालकांचा गट शनिवारी असतो, त्यामुळे ह्यांनी कंपनीत अर्धी सुट्टी मागून ठेवली आहे. दहावीचं वर्ष तोंडावर आहे, शाळेला काय आणि किती सांगायचं हे मॅडमना त्या दिवशीच विचारणार आहोत.